एकोणिसाव्या मीटरवरचा ठोकळा

तिच्या तोंडाला लागू नये, असं शेडमधले सगळे सांगतात. टेकडीत नवी खाण काढायची, म्हणून आधी खोल भोकं पाडून दगडाच्या कांड्या वर काढतात. त्या धुवायच्या, जोडायच्या, खोक्यात ओळीनं लावायच्या, हे ती अकरा वर्षं करतेय. जिथे दगड हाती लागत नाही, तिथे तेवढ्याच लांबीचा लाकडी ठोकळा ठेवायचा. ह्यात ती सख्ख्या भावाचंही ऐकणार नाही. म्हणून नाव पडलं ठोकळावहिनी. वहिनी, कारण ड्रिलिंगचा फोरमन तिचा धाकटा दीर.

त्या सकाळी सातव्या खोक्यातला, एकोणिसाव्या मीटरवरचा ठोकळा गायब. कांड्या सरकवून फट बुजवलेली.

"कुणी काढला?"

"वहिनी, दगडाला तोंड नसतं. त्या दोन दगडांचं तोंडही तुम्हालाच दिलंय," फोरमन म्हणाला.

"चाळीस सेंटिमीटर गेलं कुठे? गिळलंत?"

"पाण्यानं वाहून गेलं असेल! भोक पुन्हा पाडायला लागलं तर मला हाकलतील. घरच्याच माणसाच्या पोटावर पाय देताय."

"पाण्यानं दगड वाहून जात नाही, भाऊजी. माती जाते."

म्हणजे दोन कठीण थरांमध्ये मऊ मातीचा पट्टा, आणि ह्या टेकडीचे थर खाणीकडेच उतरते. तिथे कडा सरळ कापला की वरचा दगड घसरून खाली. आणि खाली खोदकामाच्या मशीनवर बसणार होता तिचा नवरा.

"तुमचा सख्खा दादा असणार आहे तिथे."

"दादाला ती नोकरी मीच लावून दिली! फेडा आता पांग."

तेवढ्यात इंजिनिअर नकाशा घेऊन आला. फोरमन खोक्याच्या आडवा उभा राहिला. "सगळं अखंड आहे, साहेब. सही करा."

वहिनीनं त्याच्या कोपराखालून हात घालून दोन कांड्या उचलल्या आणि साहेबाच्या हातात कोंबल्या.

"जोडा."

"काय?"

"अखंड आहे ना? मग तोंडं जुळतील. जुळवा."

साहेबानं फिरवून पाहिलं, उलटवून पाहिलं. एकीचं टोक धारदार, दुसरीचं झिजून गोल, वर लाल चिखलाचा डाग.

"मला सही आजच हवी होती," तो तिच्याकडे बघून खेकसला. जणू तो चिखल हिनंच कालवला होता.

शेजारी दुसरं भोक पाडलं. एकोणीस मीटरवर लाल, चिकट माती निघाली. कडा आता पायऱ्यापायऱ्यांनी कापायचा ठरला. काम चार महिने पुढे गेलं.

"भावाला तोंडघशी पाडलंस, मला घरी बसवलंस," नवरा म्हणाला.

"अहो, खाली तुम्ही असणार होतात."

"असतो! बघून घेतलं असतं मी."

तिनं भांडी आवाज करत आवरली.

फोरमनची नोकरी टिकली, बोलणं तुटलं. पण पुढच्या भोकात बारा सेंटिमीटर दगड हाती लागला नाही, तेव्हा तो स्वतः करवत घेऊन बसला. मोजून ठोकळा कापला आणि तिच्या पायाशी फेकला.

"घ्या. तुमचा लाडका."

तिनं तो उचलला, पदरानं पुसला, पट्टी लावली.

"अर्धा सेंटिमीटर जास्त आहे," ती म्हणाली आणि परत फेकला.