पुसलेल्या तारखांचं पाणी

आमच्या गल्लीत तिला आम्ही सगळे मावशी म्हणायचो. पाणी बाटलीत भरणाऱ्या कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये ती कामाला होती. दुकानांतून न खपता परत आलेल्या बाटल्यांच्या मानेवरची तारीख थिनरच्या बोळ्याने पुसायची, एवढंच काम. पुढच्या टेबलावर यंत्र नवी तारीख मारायचं. बाटली पुन्हा तरुण.

पाणी कधी सडतं का, असं कारखानावाले वर तोंड करून विचारतात, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक जाते. नसेल सडत पाणी. पण ती बाटली दुकानाच्या छपरावर उन्हात शिजलेली असते, झाकण सैल पडलेलं असतं, उघडली की प्लास्टिकचा भपकारा येतो. तारीख काय शोभेला छापतात?

शेडमधल्या बायकांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आपसांत एक रीत पाडली होती: पुसलेल्या बाटलीच्या झाकणावर नखाने बारीक ओरखडा. कामगारांना घरी न्यायला बाटल्या फुकट मिळत. ओरखड्याची आपल्यातल्या कुणी उचलायची नाही.

मावशीने नोकरी धरली होती तीच या फुकटच्या बाटल्यांसाठी. तिच्या नवऱ्याचं, काकांचं, मूत्रपिंड बदललेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी उकळलेलं नाहीतर सीलबंद. बारीकसा संसर्गही झेपणार नाही. मावशीचा विश्वास सीलवर.

"आणि ओरखड्याचं बाकीच्यांनी प्यायचं?" मी विचारलं.

"बाकीचे धडधाकट आहेत."

"तपासनीसापुढे एकदा बोल, मावशी."

"बोलते की. मग काकांचं पाणी तू भरशील का, जन्मभर? तू आपले मोर्चे काढ बाई."

मी चडफडत घरी आले.

उन्हाळ्यात मागणी वाढली आणि मालकाने नवी टूम काढली. सैल झाकणांच्या बाटल्या उघडायच्या, कमी झालेलं पाणी टाकीतून वर ओतायचं, नवं झाकण दाबायचं. हे काम पलीकडच्या शेडमध्ये पुरुषांकडे. ओरखडे जुन्या झाकणांबरोबर कचऱ्यात गेले, आणि बायकांना हे सांगावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. मावशी कोरं झाकण बघून निवांत बाटल्या आणत राहिली.

काकांना जुलाब लागले, ताप चढला. दवाखान्यात मूत्रपिंड जेमतेम वाचलं. पाणी कुठलं पिता, असं डॉक्टरांनी विचारल्यावर मावशी तोऱ्यात म्हणाली, "सीलबंद. मी स्वतः निवडून आणते." दुसऱ्या दिवशी ती पलीकडच्या शेडमध्ये डोकावली. तिथून तडक माझ्या दारात.

"चल. कुठे बोलायचं ते दाखव."

तपासनीस येणार हे मालकाला आधीच कळलेलं. शेड लख्ख, थिनरचा डबा गायब. मावशी न अडखळता सगळं बोलली.

"तारखा पुसत कोण होतं?" तपासनीसाने विचारलं.

"मी."

"मालकांनी सांगितलं, याला साक्षीदार कोण?"

बाकीच्या बायका जमिनीकडे बघत राहिल्या. मालक हळहळला, "जुनी बाई हो. बाहेर माल विकायला असले उद्योग करेल असं वाटलं नव्हतं." गुन्हा नोंदला गेला तो मावशीवर. कारखाना आजही चालू आहे. त्या मालकाला मी सुखाने झोपू देणार नाही, ते माझं मी बघेन.

मावशीला गुन्ह्याचं काही वाटलं नाही. घरी येऊन तिने पातेलंभर पाणी उकळलं, गाळलं, निववलं आणि पेला काकांपुढे धरला. मी तिथेच बसले होते. काकांनी पेला घेतला नाही.

"माझ्यासाठी निवडून आणायचीस. उरलेल्या कुठे जायच्या?"

"दुकानांत."

"दवाखान्याच्या दारातल्या दुकानातही?"

मावशीने पेला खाली ठेवला.

"माझ्या शेजारच्या खाटेवरचा पोरगा तिथूनच पाणी घ्यायचा," काका म्हणाले. भिंतीला धरून ते उठले, पातेलं मोरीत ओतलं आणि स्वतःसाठी दुसरं पाणी चढवलं. मावशी पुढे झाली तर म्हणाले, "तू राहू दे."

अजूनही आपलं पाणी ते आपणच उकळतात. तिला हात लावू देत नाहीत.