आधी कंट्रोल

प्राणीगृहाचं दार उघडण्याआधी शालिनी मॅडम बाहेरूनच हाक द्यायच्या, "येऊन राह्यली बरं!" आत माणूस कुणीच नसे. पिंजऱ्यांतले पांढरे उंदीर दचकू नयेत म्हणून ही वर्दी. सावंगीच्या मेडिकल कॉलेजातल्या पहिल्याच दिवशी ती ऐकली आणि आपल्या गाइड थोड्या सरकलेल्या आहेत, अशी माझी खात्रीच पटली. उंदीर मात्र त्यांच्या आवाजाला कान टवकारत. आम्हा विद्यार्थ्यांना ते काडीची किंमत देत नसत.

मॅडमना वेड एकच होतं. फीतकृमीची अंडी पोटात गेली, की त्यांतल्या अळ्या कधीकधी मेंदूत जाऊन बसतात. तिथल्या पाण्याची वाट अडते आणि मेंदूतल्या पोकळ्या फुगतात. नालवाडीत मॅडमबरोबर राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीचं, कुसुमताईचं, हेच झालं होतं. डोक्यातलं पाणी पोटात उतरवायला बसवलेली नळी सारखी तुंबायची, की ताई पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर. नळीवाचून भागेल असं औषध शोधायचं, तर तोच आजार आधी उंदरात उभा करायला हवा. तो काही केल्या उभा राहत नव्हता, आणि मॅडमच्या निवृत्तीबरोबर प्रकल्पही गुंडाळला जाणार होता.

एकदा अळ्या टोचलेल्या उंदराच्या मेंदूचा काप पाहिला, तर पोकळ्या टम्म फुगलेल्या! मी धावत वर्ध्यात गेलो, तिथली प्रसिद्ध तुपातली बिस्किटं, म्हणजे गोरसपाक, आणला आणि दिसेल त्याच्या हातावर ठेवला. मॅडमनी हात पुढे केला नाही.

"कंट्रोल पाह्यला का?"

कंट्रोल म्हणजे अळ्या न घालता नुसतं सलाईन टोचलेला उंदीर. तो कुणीच पाहिला नव्हता. पाहिला, तर त्याच्याही पोकळ्या फुगलेल्या. अळ्यांचा काही संबंध नव्हता, आमच्या सुईनंच मेंदू दुखावला होता. उरलेला गोरसपाक मी मुकाट खाऊच्या डब्यात टाकला. मॅडम रागावल्या नाहीत. "आनंदाले घाई राह्यते, बेटा. म्हणून तर कंट्रोल ठेवा लागते," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून कंट्रोल पाहिल्याशिवाय तोंड गोड करायचं नाही, असा आमच्याकडे कायदाच झाला.

मग सुई बारीक केली, हात सावकाश केला. निवृत्तीच्या तोंडावर शेवटची तुकडी तयार झाली. आजारी उंदरांच्या पोकळ्या फुगलेल्या होत्या. मॅडमचा हात खाऊच्या डब्याकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. "आधी कंट्रोल," त्या स्वतःलाच म्हणाल्या. कंट्रोलच्या पोकळ्या बारीक फटींसारख्या निघाल्या, एकूणएक सगळ्यांच्या! मी तर चक्क नाचलो. मॅडम स्टुलावर बसून चष्मा पुसत राहिल्या. प्रकल्प वाचला होता. आज तो मी चालवतो, आणि दारात हाकही देतो.

त्या संध्याकाळी त्या मला डब्यासकट नालवाडीला घेऊन गेल्या. मोबाइलवर आजारी आणि कंट्रोल अशा दोन्ही मेंदूंचे फोटो शेजारी शेजारी लावून त्यांनी ताईला सगळं समजावलं. याचा मले फायदा होईन का, असं ताईनं विचारलं.

"तुले नाई होणार बहुतेक, ताई," मॅडम म्हणाल्या. "औषध निंगाले अजून लय वर्षं लागतीन."

ताईनं मोबाइल डोळ्यांजवळ ओढला. मग तिनं फुगलेल्या मेंदूवर बोट ठेवलं.

"हे मी." बोट शेजारच्या फोटोवर सरकलं. "अन् हे तू. एकाच ताटात जेवलो आपण."

ताईनं गोरसपाकचा तुकडा मोडून मॅडमच्या तोंडात घातला.

"खाय आता," ती म्हणाली. "कंट्रोल चांगला हाये."