नाश्त्याची चौकशी करणारी डॉक्टर

मी एकदा जयपूरजवळच्या चौमूं गावी फोन करून एका आईला सांगितलं होतं, की तुमच्या लेकीच्या उशीखाली मूल न होण्याच्या गोळ्या सापडल्यात. आणि सांगून झाल्यावर, खोटं कशाला बोलू, मी स्वतःवर खूश होऊन आल्याचा चहा प्यायले होते! तेव्हा मी पन्नाशीत होते, केस रंगवत होते आणि जयपुरात बनी पार्कमधल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर विद्यापीठातल्या मुली जेवणासकट ठेवत होते. भाडं त्यांच्या वडिलांकडून घ्यायचे, पहारेकरीण मात्र फुकटची. चादरी बदलायच्या निमित्ताने उशा उचलायची खोड होती मला. आता नातवंडं मला खट्याळ म्हणतात. तेव्हा मी नुसती आगाऊ होते.

मुलीचं नाव सरिता. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. पाकिटावर विद्यापीठाच्या दवाखान्याचा शिक्का होता, म्हणून दुसरा फोन मी तिथल्या डॉक्टरला लावला. ती मृणाल. वडील नागपूरचे, विमा कंपनीतून बदलीवर आले ते इथलेच झाले. ही जन्मली, शिकली जयपुरात, त्यामुळे तिचं मराठी हिंदीच्या आधाराने चालायचं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तिला मोदकाच्या कळ्या जमत नाहीत म्हणून मी दरवर्षी टोमणे मारायची.

“तुझ्या दवाखान्यात हे काय चाललंय?” मी कडाडले.

“काकू, आधी सांगा, उशी कोणाची?”

“घर माझं आहे!”

“घर तुमचं. उशी तिची. आणि गोष्ट पण तिची, मतलब तिचीच.” फोन बंद.

मृणाल अशीच. बाकीच्या डॉक्टरणी समोर बसलेल्या पोरीला पहिला प्रश्न टाकतात, “लग्न झालंय?” त्या एका प्रश्नाने पोरीची अर्धी वाचा जाते. मृणाल आधी उठून दार लावायची आणि विचारायची, “नाश्ता केलास?” हॉस्टेलवरची पोरं बहुतेक उपाशीच असतात. मग टेबलाच्या खणातून बिस्किटं निघायची. अंगावरून जाणारं असो, पाळी चुकलेली असो, नाहीतर एखादा मुलगा निरोधाबद्दल विचारायला येऊन नुसताच खोकत बसलेला असो, बोलणं बिस्किटानंतर. “भुकेला माणूस खोटं बोलतो, काकू,” ती म्हणायची, “आणि घाबरलेला तर गप्पच बसतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सरिताचे आईवडील जीप घेऊन दारात. वडील आल्या आल्या म्हणाले, “सामान बाँधो,” एवढंच. परीक्षा तोंडावर आलेली. सरिता रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती घडी घालून कपडे ठेवत होती आणि प्रॅक्टिकलच्या वह्या बाजूला काढत होती, आता त्यांचं काय काम म्हणून. माझ्या आल्याच्या चहाची चव तेव्हा उतरली.

मी पुन्हा मृणालला फोन केला. “अगं, काहीतरी कर! त्यांना सांग, गोळ्या तशा नाहीत म्हणून!”

“त्याच गोळ्या पाळी ठीक नसेल तरी देतात, मूल नको असेल तरी देतात.”

“मग पाळीचंच असणार!” मी हुश्श केलं.

“आणि नसलं तर? पोळ्या बंद करणार तिच्या?” तीच पुढे म्हणाली, “सरिताला विचारा, मी येऊ का. ती हो म्हणाली तरच येते.”

मी वर गेले आणि त्या दारावर पहिल्यांदाच टकटक केलं. सरिताने माझ्याकडे न बघता होकाराची मान हलवली.

मृणाल स्कूटरवरून आली. सरिताच्या वडिलांनी विचारलं, “डॉक्टर साहब, दवा किस बात की थी?”

“ये सरिता बताएगी, जिसे बताना चाहे,” ती शांतपणे म्हणाली. “मैं इतना ही कहूँगी कि वो ख़ुद चलकर डॉक्टर के पास आई. जो बच्ची ये कर सकती है, उसे घर मत बिठाइए.”

सरिता म्हणाली, तिला आईशी बोलायचंय, डॉक्टरांसमोर. तिघी माझ्या जेवणघरात गेल्या आणि दार लागलं. बाहेर तिचे वडील आणि मी. दाराला कान लावायची इच्छा मी कशी आवरली, माझं मला ठाऊक.

दार उघडलं तेव्हा आईचे डोळे ओले होते, पण हात लेकीच्या पाठीवर होता. ती नवऱ्याला म्हणाली, “सामान ऊपर रखवा दो. इम्तिहान देकर आएगी.”

“पर बात क्या है?”

“मुझे पता है. बस.”

तो भला माणूस. ट्रंक स्वतःच उचलून जिना चढला. फाटकापाशी सरिताच्या आईने मृणालला बाजूला घेऊन स्वतःचंच कुठलंसं जुनं दुखणं विचारलं. दवाखाना विद्यार्थ्यांचा, तरी मृणाल म्हणाली, “परसों आ जाइए.”

सरिता आज कॉलेजात शिकवते. मृणाल परवा निवृत्त झाली. निरोपाला दवाखान्याच्या अंगणात जुन्या मुलामुलींची ही गर्दी! कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात मिठाईचा डबा, आणि दवाखान्याचं काम हाती घेणारी नवी डॉक्टरीण, तीही कधीकाळी इथेच पेशंट म्हणून बाकावर बसलेली. मी मृणालला कोपऱ्यात गाठलं. “आता तर तू मोकळी झालीस. आता तरी सांग ना गं, सरिताच्या गोळ्या कशासाठी होत्या?”

ती हसली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, “काकू, तुम्ही इतकी वर्षं विचारता आणि मी सांगत नाही, म्हणून तर ही सगळी पोरं माझ्याकडे येत होती.”