मापाला नेलेली फाईल

आमचे हे शिंपी. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणतात. नवं गिऱ्हाईक आलं की टेप हातात घ्यायच्या आधी विचारतात, "अंगाला नीट बसणारा जुना शर्ट आणलाय का?" मापापेक्षा त्यांचा नमुन्यावर भरवसा.

त्यांच्या जठरात कॅन्सर निघाला, तेव्हाही त्यांनी नमुनाच शोधला. माझ्या ताईच्या नवऱ्याला वर्षापूर्वी हेच दुखणं झालं होतं. तोंडातून दुर्बीण घालून गाठ काढली. पोटावर ओरखडाही नाही, पंधरवड्यात गडी कामावर. ताईकडून ते ऐकून ऐकून माझे कान किटले होते. खोटं कशाला बोलू, मी जळत होते. लहानपणापासून तिला सगळं अलगद मिळत आलंय.

मास्तरांनी साडूंची फाईल मागून आणली आणि सर्जनबाईंच्या टेबलावर ठेवली. "अगदी असंच करा."

बाईंनी ती चाळून परत दिली. "त्यांची गाठ वरच्या अस्तरातच होती. तुमची स्नायूपर्यंत उतरलीय. पोटाला पाच छिद्रं पाडून दुर्बिणीने करू. निम्म्याहून जास्त जठर आणि आसपासच्या ग्रंथी काढाव्या लागतील."

"मग रोबोटने करा," हे अडून बसले. साडूंपेक्षा काहीतरी वरचढ हवं होतं.

"रोबोट दुसऱ्या हॉस्पिटलात आहे. तिथे दोन महिने नंबर लागणार नाही. छिद्रं तिथेही पडतात आणि गुण साधारण सारखाच येतो. तुम्ही इतकं थांबू नका."

घरी येऊन हे तीन दिवस तोंड फुगवून बसले. चौथ्या दिवशी मी फाईल ताईच्या दारात देऊन आले आणि बाईंकडून तारीख घेतली.

ऑपरेशन नीट पार पडलं. महिन्याने ताई आणि भावोजी भेटायला आले. मास्तर चमच्याचमच्याने सूप पीत होते. भावोजींनी खुर्ची जवळ ओढली.

"तुमचं बरं आहे, मास्तर. रोगाचं घरच काढून टाकलं. माझं अख्खं जठर जागेवर आहे, गाठ परत आली का ते दर सहा महिन्यांनी आत बघतात. तारीख जवळ आली की मला घास उतरत नाही."

ताईने मान खाली घातली. वर्षभर तिने हे मला सांगितलं नव्हतं. मी पाणी आणते म्हणून उठले, कारण माझ्या चेहऱ्यावरचं हसू मला आवरेना.