पाच डोळ्यांची

"माझं पोर्तुगीज जसजसं सुधारत गेलं, तसतसे जर्मानोचे हात सुजत गेले," असं बासिलियो नामुटेका आयुष्यात एकदाच बोलला. तेव्हा तो साठीला टेकला होता. नांपुलाच्या बाजारात एका दुकानाच्या ओट्यावर त्याचं शिवणयंत्र असे, आणि तो कुणाच्या तरी विजारीला ठिगळ लावत होता. ऐकणाऱ्याला वाटलं, पुढं काही सांगेल. त्यानं दातानं दोरा तोडला आणि विजार झटकून दिली.

सबंध बाजारात त्याच्याइतकं स्वच्छ पोर्तुगीज कुणाला येत नव्हतं, आणि त्याच्याइतकं कमी कुणी बोलत नव्हतं. चार मुलं, नऊ नातवंडं. एकावरही त्यानं कधी हात उगारला नाही. बायको चिडून म्हणायची, "ह्या माणसाच्या अंगावर डास बसला तरी हा फुंकर मारतो!"

पोर्तुगीजांचं राज्य होतं तेव्हा, सतरा वर्षांचा असताना, मामानं त्याला नदीपलीकडच्या मिशनवर आणून सोडलं होतं. आमच्यात भाच्याचं बरंवाईट मामाच्या हाती. मामाच्या पाठीवर घायपाताच्या मळ्यावरचे चाबकाचे वळ होते, दमट हवेत ते खाजत. फाटकाशी उभं राहून, पाठ खांबाला घासत तो म्हणाला, "देव कुणाचा का असेना, कागद यांच्याकडं आहे. कागद घेऊन ये. तो नाही मिळाला तर घरी तोंड दाखवू नको."

तीन वर्षं शिकून, पोर्तुगीजमधून धर्म सांगायला लायक ठरून, किनाऱ्याकडच्या गावांत प्रचाराला जाणाऱ्याला तो कागद मिळे. खिशात कागद असला की शिपायाची दोरी मनगटाला लागत नसे. जे नापास होत त्यांची नावं ठाण्यावर जात, आणि ठाण्यावरून माणसं मळ्यावर वेठीला. मिशनवर असे बारा तरुण होते. बाराही जणांना देव हवा होता, नव्हता असं नाही. पण कागद आधी हवा होता.

मिशन चालवणाऱ्या पाद्रे सेराफिमच्या खुर्चीमागं, क्रुसाच्या खाली, खिळ्याला ती टांगलेली असे. लांब मुठीची, तळहाताएवढ्या गोल चकतीची, जड लाकडाची थापी. चकतीला पाच भोकं. पोर्तुगीज लोक तिला लाडानं 'पाच डोळ्यांची पोर' म्हणतात. फटका बसला की कातडी त्या भोकांत ओढली जाते आणि तळहातावर पाच फोड उठतात, पाच बंद डोळ्यांसारखे.

पाद्रे स्वतः क्वचितच मारी. ते काम शनिवार करायचा. सकाळच्या मिस्सा-प्रार्थनेनंतर बाक भिंतीला सारून सहाजणांची एक रांग, समोर सहाजणांची दुसरी. पाद्रे एकाला प्रश्न विचारी. तो चुकला तर समोरच्याला. समोरच्याचं बरोबर आलं की त्यानं खिळ्यावरून थापी काढायची आणि चुकलेल्याच्या हातावर मारायची. शब्द चुकला तर एक, धर्माचं उत्तर चुकलं तर सहा, दहा आज्ञांत अडखळला तर बारा. "मी पण हिच्याकडूनच शिकलो," पाद्रे सांगायचा, आणि डाव्या हाताचं वाकडं झालेलं बोट दाखवायचा. डोंगरातल्या आपल्या गावी शेजारच्या मुलानं ते मोडलं होतं. हे सांगताना त्याचा आवाज मऊ व्हायचा. तापानं फणफणलेल्या मुलाच्या उशाशी रात्रभर बसणाराही हाच माणूस होता.

बासिलियोच्या समोर जर्मानो उभा राही. जर्मानोला झाडावरचा प्रत्येक पक्षी आवाजावरून ओळखता येई, लाकडाच्या ढलपीतून तो माकड कोरून काढी, आणि त्यानं केलेल्या नकला पाहून स्वयंपाकीण पीठ सांडेपर्यंत हसे. पण पाद्रेनं पोर्तुगीजमध्ये काही विचारलं की त्याची दातखीळच बसायची.

दोघांची कुळं थट्टेची. म्हणजे एकानं दुसऱ्याला भर बाजारात आईवरून बोललं तरी राग धरायचा नाही, ताटातली मासळी उचलली तरी हात धरायचा नाही. आणि एक मेला की दुसऱ्यानं यायचं, प्रेत धुवायचं, धुता धुता त्याला शिव्या घालायच्या, आणि पुरायचं. ते काम सख्ख्या भावालाही करता येत नाही. थट्टेच्या माणसाचा हात लागेपर्यंत प्रेत चटईवर पडून राहतं.

पहिल्या शनिवारी बासिलियोनं एक फटका मारला, तसा जर्मानो संध्याकाळी कसाव्याच्या पिठाचा गोळा मोडत म्हणाला, "ए मुंगसाच्या, मारलंस की माशी हाकललीस?"

"पुढच्या खेपेला तुझ्या आजीला बोलव, तिला मारतो."

"आजी तुझे दात घशात घालेल. ऐक, मला कुणी बायको देणार नाही असं आई म्हणते. ह्या पाच डोळ्यांच्या पोरीशीच माझं लग्न लाव. दोन डोळे फुटले तरी तीन उरतात. मेलो की हिला माझ्याशेजारी निजव."

"तुझ्याशेजारी? पोर रडेल रे!"

दोघं हसले. महिनाभर असंच चाललं. एरंडेल चोळायचं, हसायचं.

मग एका शनिवारी बासिलियोनं हात सैल सोडला. सहा फटके मारायचे होते, ते त्यानं असे मारले की नुसता आवाज व्हावा. पाद्रेच्या लक्षात आलं. रागावला नाही. थापी मागून घेतली, म्हणाला, "असं नव्हे, बाळा," आणि कसं ते बासिलियोच्या दोन्ही हातांवर सहा-सहा वेळा दाखवलं. नंतर थापी परत देऊन म्हणाला, "आता पहिल्यापासून." जर्मानोला बारा बसले. दयेचं मोल हे असं दुसऱ्याच्या हातातून वसूल होतं, हे बासिलियोला त्या दिवशी कळलं.

पुढं त्यानं दया केली नाही. उत्तर तोंडातून सुटायचं आणि हात आपोआप खिळ्याकडं जायचा. क्रियापदं पाठ होत गेली, प्रार्थना पाठ होत गेल्या, शब्दांना धार आली. आणि कधीतरी, नेमका कुठला शनिवार ते त्याला कळलंच नाही, त्याला ते आवडू लागलं. अचूक वाक्य आणि अचूक फटका यांचा एकच ठेका होता. शेवटचं अक्षर जिथं पडे तिथंच थापी पडे. फटक्याखाली कातडी भोकात शिरते तेव्हा मुठीला एक हलका हिसका बसतो. तो हिसका त्याला आठवडाभर बोटांत जाणवायचा. रात्री प्रार्थना म्हणताना उजव्या हाताची मूठ वळलेली असायची. पाद्रे म्हणाला, "तू लांब जाशील."

मेमध्ये, दहा आज्ञांच्या दिवशी, जर्मानो चौथ्या आज्ञेवर थांबला. समोरून बासिलियोनं दहाही धडाधडा म्हटल्या. बारा. आठव्या फटक्याला जर्मानोच्या उजव्या हातात काहीतरी वाजलं, कोरड्या शेंगेसारखं. खोलीत सगळ्यांनी ऐकलं. बासिलियोनंही ऐकलं. आणि त्यानं बाराचा आकडा पुरा केला.

संध्याकाळी तो जर्मानोशेजारी जाऊन बसला, वाट पाहत. शिवी येईना. शेवटी त्यानंच डिवचलं, "काय रे घुबडा, आज आजीची आठवण नाही?"

जर्मानो डाव्या हातानं जेवत होता. त्यानं वर पाहिलं आणि जरा सरकून जागा केली. "बसा ना," तो म्हणाला. "जेवलात का?"

बासिलियोला थोबाडीत बसल्यासारखं झालं. तो म्हणाला, "शिव्या घाल की. तुला हक्क आहे."

"तुमचं पोर्तुगीज छान झालंय," जर्मानो म्हणाला, आणि खाली बघून जेवू लागला.

हात पुवानं भरला, हिरवा पडला. मोडलेल्या हाताला कोरायची सुरीही धरता येईना. दोन आठवड्यांनी नापासांच्या यादीत त्याचं एकट्याचं नाव निघालं. लाल टोपीचा शिपाई फाटकाशी बसलेलाच होता. दोरी बांधताना त्यानं सुजलेलं मनगट पाहिलं, चुकचुकला, आणि कोपरापाशी बांधली. "मळ्यावर दोन हात लागतात रे बाबा," तो म्हणाला, "पण मी कोण विचारणारा!" जर्मानो गेला. बासिलियो मिशनच्या शेतात, कुदळी घेतलेल्यांच्या रांगेत उभा होता. त्याच्याकडं वळून जर्मानोनं एखादी शिवी हासडली असती, तर त्यानं ती जन्मभर जपून ठेवली असती.

पाच आठवडे गेले. शेवटची परीक्षा शनिवारी. पास होणाऱ्याला पाद्रे तिथल्या तिथं कागद देणार होता. त्या दिवशी पहाटे स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी जर्मानोची बहीण आतिजा आली. अंधारात चालून आल्यानं पाय धुळीनं पांढरे झाले होते.

"ए पोपटतोंड्या," ती म्हणाली. आवाज फाटला होता, पण थट्टेचा हक्क ती सोडत नव्हती. "तुझा मेलेला तुझी वाट बघतोय."

"कसा?" बासिलियोनं विचारलं.

"धनुर्वात झाला. धनुष्यासारखा वाकला होता. काल चटईत गुंडाळून मळ्यावरून आणला. आई म्हणते, त्या मुंगसाला सांगा, मारायला आला होतास, आता धुवायला ये. ऊन चढायच्या आत ये. तो वासाला लागेल, आणि मग मी तुला सोडणार नाही, कुत्र्या."

ती रडली नाही. तिनं कमरेचं कापड आवळलं आणि रस्त्याला लागली.

बासिलियो पाद्रेकडं गेला. "मित्र मेला. पुरायला जायचंय."

पाद्रेनं छातीवर क्रुसाची खूण केली, डोळे मिटून ओठ हलवले. मग म्हणाला, "शिव्या देत प्रेत धुणं हे रानटी आहे, बाळा. तू प्रचारक होणार आहेस. इथंच प्रार्थना कर. आणि आज गेलास तर कागद नाही. मी नाव ठाण्यावर पाठवीन, पाठवावंच लागेल."

रांगा लागल्या. जर्मानोच्या जागी नवा एकजण उभा होता, लुसियो. पाद्रेनं त्याला सगळ्यात सोपा प्रश्न विचारला: देवानं आपल्याला कशासाठी निर्माण केलं? लुसियोनं पहिले दोन शब्द म्हटले, पुन्हा तेच दोन म्हटले. तिसरा त्याला आठवला नाही.

"बासिलियो."

बासिलियोच्या जिभेवर उत्तर तयार होतं, स्वल्पविरामासकट. त्याची मूठ आपसूक वळत होती, हेही त्याला जाणवलं. टेबलावर कागद होता, निळ्या शिक्क्याचा, त्यावर त्याचं नाव. उघड्या दारातून ऊन आत येऊन पाद्रेच्या जोड्यापर्यंत पोचलं होतं. फाटकाशी शिपाई तंबाखू मळत होता.

"बोल, बाळा. तुला येतं."

बासिलियोनं क्रुसाखाली हात घातला आणि खिळ्यावरून थापी काढली. लुसियोनं डोळे मिटून दोन्ही हात पुढं केले.

ते हात तसेच हवेत राहिले. बासिलियोनं पाच डोळ्यांच्या पोरीला काखेत घेतलं, नवरीला मांडवात घेऊन निघतात तसं जपून, टेबलाला वळसा घातला आणि उन्हात उतरला. मागून पाद्रेनं दोनदा हाक मारली. शिपाई दोरी घेऊन उठला. बासिलियो त्याच्या अंगावरून, जर्मानोच्या गावाच्या वाटेनं निघून गेला.