धुक्यातला पांढरा दुपट्टा

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून तंबाखू मळायला जातो. आजही जातो. म्हणून हे लिहावं की नाही, यातच बरीच वर्षं गेली…

साल अडुसष्ट-एकोणसत्तर असेल. तिरोडीच्या खाणीवर मी एका ठेकेदाराची जीप चालवायचो. पौषातली सकाळ. माझी बायको शांता पहिलटकरीण, रात्रभर कळा. मूल आडवं आहे, बालाघाटच्या दवाखान्यातच न्या, असं सुईणीनं सांगितलं. बाहेर धानाच्या बांध्यांवर इतकं धुकं, की हेडलाइट लावला तर आणखीच पांढरं दिसायचं.

अशा वेळी आमच्याकडे एकजण गाडीपुढे चालतो. थोरला भाऊ, दादा, खांद्यावरचा पांढरा दुपट्टा, म्हणजे उपरणं, पाठीवर सोडून खाली उतरला. "म्या म्होरं चालतो. माह्या पाठीवरचा दुपट्टा पाहत ये. खांद्यावरून काढला का थांबजो."

दुपट्टा पुढे संथ चालत होता, मी मागे. शांता दोनदा म्हणाली, "हळू चालवा जी." मला वाटलं, कळांमुळे बोलतेय. आम्ही तर पायी चालल्यासारखेच जात होतो!

मग दुपट्टा खांद्यावरून खाली आला. मी ब्रेक दाबला. जीप घसरत थांबली. उतरून पाहतो तर चाकापुढे हातभर रस्ता, आणि नाला. अवकाळी पावसानं पूल अर्धा नेलेला. दादा कुठेच नव्हता.

तो आला बऱ्याच वेळानं… मागून, लंगडत.

"काहून पळवली गाडी? काटा काढाले बाजूले बसलो, तं तू अंगाले घासूनच गेला. हाका मारून घसा बसला माहा."

"दादा, तूच तं म्होरं होता."

"मी आत्ता येऊन राह्यलो ना."

मी गिअर पाहिला. तिसऱ्यात होता; माणसामागे चालवायला पहिलाच लागतो.

नाल्याच्या उतारातून जीप काढली. दुपारी मुलगी झाली, दोघी सुखरूप. पुढे खाणीतल्या एका इंजिनिअरनं समजावलं — धुक्यात आजूबाजूचं काही सरकताना दिसत नाही, म्हणून वेग कळत नाही. डोळ्यांना हवं तेच दिसतं. पटलं मला. पण माझी नजरच चुकली म्हणावं, तर दुपट्टा नेमका तिथेच कसा उतरला?

पुढे कोण होतं, ते मला अजून सांगता येत नाही. भीती त्याची वाटतही नाही. सख्ख्या भावाला घासून गाडी नेली आणि मला कळलं नाही… धुकं पडलं की मला तेच आठवतं.