लालबुंद पाइपांवर नारळाचं पाणी

मित्रांनो, दुपारपासून फोन हातातच आहे.

माझ्या गॅरेजात अशोकच्या गाडीची ताकद वाढवणारा टर्बो बसवायला मी स्वतः मॅनिफोल्ड बनवला, म्हणजे इंजिनाचा तापलेला धूर टर्बोकडं नेणारे चार पाइप. दुपारी रेस देऊन तपासलं. पाइप लालबुंद झाले.

तेवढ्यात त्याच्या आईनं नारळ फोडून पाणी सरळ पाइपांवरच शिंपडलं. छन्न आवाज आला.

“काकू, लई तापलंय ते!”

“आरं, नव्या कामाला लागतंयच की.”

तापल्या वेल्डिंगवर गार पाणी पडलं की तडा जाऊ शकतो. मी थांबा म्हणेपर्यंत मायलेक नारायणगडाच्या रस्त्याला लागले. तेव्हापासून अशोक फोन उचलत नाही. तडा गेला असेल तर बोनेटखाली आग लागायला कितीसा वेळ?

तुम्ही काकूंचा हात धरला असता का? मी कसा धरणार? दर नव्या कामाला नारळ मीच आणून ठेवतो.